गॅलिलिओचा तुटलेला खांब आणि आपलं ‘डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट’



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘बेसिक्स पक्के ठेवा.’ सल्ला बरोबरच आहे, पण बेसिक्स पक्के असणं म्हणजे नेमकं काय, ते सहसा कुणी सांगत नाही. दोन टोकांना टेकलेल्या बीमवर एकसमान पसरलेला भार, म्हणजे आपला यूडीएल, असेल तर मधोमध बेंडिंग मोमेंट किती? ‘डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट.’ हे तोंडपाठ असतं. आता त्याच बीमखाली मधोमध तिसरा आधार दिला, तर बीम जास्त सुरक्षित होईल का? इथे पुष्कळ जण ‘होईल की’ म्हणून मोकळे होतात.

या दुसऱ्या प्रश्नावर एक प्रसिद्ध जुना मजकूर आहे, जेमतेम अर्ध्या पानाचा. आज त्याची चिकित्सा करू. लेखक साक्षात गॅलिलिओ आहे, त्यामुळे नुसतं कौतुक करून पुढे जायचा मोह होतो. पण संशोधनात वाचन म्हणजे कौतुकही नाही आणि चुका शोधत बसणंही नाही. लेखकाचं विधान घ्यायचं, त्यात आकडे घालायचे आणि ते त्याच्याच दुसऱ्या विधानाशी ताडून बघायचं. हे कसं करतात, ते या अर्ध्या पानावर छान दाखवता येतं.

खांबाची गोष्ट

पुस्तक म्हणजे ‘दोन नव्या विज्ञानांविषयीचे संवाद’. १६३८ साली ते हॉलंडमधल्या लायडन इथे छापलं गेलं. त्या वेळी गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत होता. साल्व्हिआती, साग्रेदो आणि सिम्प्लिचिओ या तिघांच्या चार दिवसांच्या गप्पा, अशी पुस्तकाची मांडणी आहे. दोन विज्ञानांपैकी एक गतीचं आणि दुसरं पदार्थांच्या मजबुतीचं. आपल्या ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ या विषयाच्या पूर्वजांपैकी हे एक महत्त्वाचं पुस्तक.

पहिल्याच दिवशी साल्व्हिआती एक किस्सा सांगतो. संगमरवराचा एक मोठा खांब दोन्ही टोकांखाली एकेक लाकडी ओंडका देऊन आडवा ठेवला होता. तो स्वतःच्याच वजनाने मध्ये मोडू नये म्हणून एका कारागिराने मधोमध तिसरा ओंडका सरकवायचं सुचवलं. सगळ्यांना कल्पना पटली. काही महिन्यांनी पाहतात तर खांब तडकून तुटलेला, आणि तोही बरोबर त्या नव्या ओंडक्याच्या वर. नंतर लक्षात आलं की टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, पण मधला मात्र टणक राहिला होता. त्यामुळे अर्धा खांब अधांतरी राहिला.

गॅलिलिओ पुढे दोन गोष्टी सांगतो. एक, फक्त दोनच ओंडके असते तर त्यातला एक कितीही खचला असता, तरी खांबही त्याच्याबरोबर खाली गेला असता आणि काही बिघडलं नसतं. दोन, त्याच दगडाचा, त्याच प्रमाणातला पण लहान खांब असता तर तो तुटलाच नसता.

आधी श्रेय

पहिलं विधान बघा. दोन आधारांवरच्या बीममध्ये एक आधार थोडा खचला तरी आतल्या मोमेंटवर परिणाम होत नाही. तीन आधार असतील तर होतो. आज आपण याला डिटर्मिनेट आणि इनडिटर्मिनेट रचनांमधला फरक म्हणतो. हे नाव नव्हतं, समीकरणं नव्हती, इलॅस्टिसिटीचा नियमही अजून मांडला गेला नव्हता. तरी फरक अचूक हेरला आहे.

दुसरं विधान आजच्या भाषेत एका ओळीत सिद्ध होतं. वर्तुळाकार खांब दोन टोकांवर ठेवला तर स्वतःच्या वजनामुळे मध्ये येणारा जास्तीत जास्त स्ट्रेस असा निघतो: घनता × गुरुत्वीय त्वरण × लांबीचा वर्ग ÷ व्यास. करून बघा, ४ आणि ३२ कसे कटून जातात ते पाहायला मजा येते. आता लांबी आणि व्यास दोन्ही दहापट करा. वर १००, खाली १०, म्हणजे स्ट्रेस दहापट. दगड तोच, आकार तसाच, पण मोठा खांब दहापट जास्त ताणाखाली. म्हणजे विधान बरोबर.

आता आकडे

गॅलिलिओने खांबाची मापं दिलेली नाहीत. आपण धरू: लांबी ८ मीटर, व्यास ९० सेंटिमीटर, घनता घनमीटरला २७०० किलो. वजन होतं सुमारे १४ टन. एकूण वजनाला ‘व’ आणि लांबीला ‘ल’ म्हणू. पाठ्यपुस्तकातला डब्ल्यू हा दर मीटरचा भार असतो, त्यामुळे डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट म्हणजेच आपल्या भाषेत व×ल/८.

सुरुवातीला खांब दोन टोकांवर आहे. मधोमध मोमेंट व×ल/८, सॅगिंग. म्हणजे खालची बाजू ताणात आणि वरची दाबात.

शेवटी एक टोक अधांतरी आहे. सगळं वजन मधल्या ओंडक्यावर आलं, कारण गुरुत्वमध्य बरोबर त्याच्या वर आहे. दोन्ही बाजूंना ल/२ लांबीचे दोन कॅन्टिलिव्हर, प्रत्येकाचं वजन व/२ आणि ते मधल्या आधारापासून ल/४ अंतरावर. मोमेंट पुन्हा व×ल/८! फक्त आता हॉगिंग, म्हणजे वरची बाजू ताणात.

इथे थांबून विचार करा. आकडा तोच आहे. वर्तुळाकार छेदात वर आणि खाली सारखंच. मग जो खांब आधी टिकला, तो नंतर का तुटला?

आणि याहून गमतीची गोष्ट म्हणजे हे गॅलिलिओला माहीत होतं. दुसऱ्या दिवसाच्या संवादात तो स्वतःच सांगतो की फक्त स्वतःचं वजन पेलणारा दंडगोल भिंतीत एका टोकाने रोवला तर जेवढा लांब टिकू शकतो, त्याच्या दुप्पट लांब तो टिकतो, मग तो दोन्ही टोकांवर टेकवा किंवा फक्त मध्ये टेकवा. म्हणजे दोन टोकांवर किंवा एकट्या मध्यावर, मोडण्याची मर्यादा एकच. हे विधान बरोबर आहे, आणि तेच पहिल्या दिवसाच्या गोष्टीला अडचणीत आणतं.

माझा मुख्य आक्षेप हा आहे. पहिल्या दिवशी साल्व्हिआती म्हणतो की कारण कळलं की आश्चर्य संपतं. पण दुसऱ्या दिवसाचं प्रमेय हाती घेतलं की खरं आश्चर्य तिथेच सुरू होतं. पुस्तक हे दोन धागे कुठेच जोडत नाही. ‘अर्धा खांब अधांतरी राहिला’ हे ऐकायला इतकं भयंकर वाटतं, की दोन आधारांच्या मधला खांबही तितकाच अधांतरी होता, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही.

राहिलेली जागा कशाने भरायची?

गोष्ट खरी धरली तर मला तीन उत्तरं दिसतात.

पहिलं, ओंडके नेमके कुठे होते. जड खांब कुणी अगदी काठावर टेकवत नाही; ओंडका थोडा आत असतो. समजा, तो टोकापासून लांबीच्या एक दशांश आत आहे. मग सुरुवातीचा सॅगिंग मोमेंट व×ल/८ च्या फक्त ६० टक्के होतो, कारण बाहेर आलेली टोकं मधल्या भागाला उलट वाकवून मदत करतात. पण टोकाचा आधार गेल्यावर मधल्या ओंडक्यावरचा मोमेंट पूर्ण व×ल/८ च असतो. म्हणजे मोमेंट सुमारे १.६७ पट झाला. भार एका ग्रॅमनेही वाढलेला नाही.

दुसरं, ताण कोणत्या बाजूला. नैसर्गिक दगड वर-खाली एकसारखा नसतो. त्यात शिरा असतात, बारीक चिरा असतात. पहिल्या स्थितीत मधल्या छेदाची खालची बाजू ताणात राहून जणू परीक्षा पास झाली. वरच्या बाजूची परीक्षा झालीच नव्हती. ती प्रथमच ताणात आली, आणि तिथे दोष असेल तर खांब तिथेच तडकणार. आपल्या मापांच्या खांबात कमाल स्ट्रेस सुमारे १.९ मेगापास्कल येतो. निर्दोष संगमरवर याच्या कितीतरी पट सोसतो. त्यामुळे दोषाचा मुद्दा सोडून देता येत नाही.

तिसरं, किती खचायला हवं. ‘कुजून खचला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीतभर खड्डा येतो. हिशोब करू. तिसरा ओंडका खांब न उचलता नुसता सरकवला, तर त्या क्षणी त्याच्यावर काहीच भार नसतो. टोक खचू लागलं की मधला मोमेंट व×ल/८ सॅगिंगपासून कमी होत शून्यावर येतो आणि मग उलट्या बाजूने वाढत व×ल/८ हॉगिंगला पोचतो. संगमरवराचा यंग्ज मॉड्युलस ५० गिगापास्कल धरला, ओंडके टोकांखाली धरले आणि मधला ओंडका अजिबात दबत नाही असं मानलं, तर या पूर्ण प्रवासाला टोक फक्त १.८ मिलिमीटर खचावं लागतं. तिन्ही ओंडके आधीपासून नीट एका पातळीत, भार घेत असतील तर ०.७ मिलिमीटर पुरे. बीम जितका आखूड आणि ताठ, तितका तो आधाराच्या हालचालीला नाजूक.

कारागिराची बाजू

या गोष्टीत कारागीर नेहमी मूर्ख ठरतो. हे मला पटत नाही. तिन्ही आधार एका पातळीत राहिले असते तर मोठ्यात मोठा मोमेंट व×ल/३२ झाला असता, म्हणजे आधीच्या एक चतुर्थांश. कल्पनेत खोट नव्हती. फक्त त्या कल्पनेला एक अट होती, पातळी टिकण्याची, आणि ती कुणी बोलून दाखवली नाही.

पण याहून चांगला उपाय त्याच्या हाताशीच होता. असलेले दोन ओंडके टोकापासून लांबीच्या ०.२०७ पट आत सरकवायचे, ८ मीटरच्या खांबात सुमारे १.६६ मीटर. मग मधला सॅगिंग आणि ओंडक्यांवरचा हॉगिंग मोमेंट सारखा होतो, साधारण व×ल/४७. म्हणजे नीट ठेवलेले दोन आधार तीन आधारांपेक्षा सरस! आणि वर रचना डिटर्मिनेटच राहते. एक ओंडका थोडा कुजला तरी खांब त्याच्याबरोबर खाली येतो, आतला मोमेंट बदलत नाही.

आधाराची जागा ही किरकोळ बाब नाही, याचा एक सुंदर पुरावा मोजमापाच्या इतिहासात आहे. १९२७ साली मीटरची व्याख्या नव्याने लिहिली गेली, तेव्हा प्लॅटिनम-इरिडियमची ती पट्टी ५७१ मिलिमीटर अंतरावरच्या दोन रुळांवर टेकवलेली असावी, हे व्याख्येतच घातलं होतं. पट्टीची पूर्ण लांबी १०२० मिलिमीटर, म्हणजे रूळ दोन्ही टोकांपासून सुमारे ०.२२ पट आत. तिथे हेतू वेगळा होता, लांबी मोजताना वाक कमीत कमी आड यावा हा. म्हणून आकडाही थोडा वेगळा. पण प्रश्न तोच: पसरलेलं स्वतःचं वजन कुठे टेकवायचं?

‘वजन मध्यावर धरा’

गॅलिलिओची आणखी एक पद्धत आपल्यापर्यंत आली आहे. पसरलेलं वजन गुरुत्वमध्यावर गोळा झालंय असं धरायचं. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईसाठी हे भिंतीपाशी बरोबर बसतं: व गुणिले ल/२. दोन टोकांवरच्या बीमला मात्र असंच केलं आणि सगळं वजन मधोमध ठेवलं, तर मोमेंट व×ल/४ येतो, म्हणजे बरोबर दुप्पट.

असं का? कारण आधी बीम कापायचा आणि मग कापलेल्या तुकड्यावरचं वजन गोळा करायचं, हा क्रम आहे. मध्ये कापा. डाव्या अर्ध्याची प्रतिक्रिया व/२, तिचा मोमेंट व×ल/४. त्यातून तुकड्याचं वजन व/२ गुणिले ल/४ वजा करा. उरतं व×ल/८. आधार-प्रतिक्रिया काढायला पूर्ण वजन एका बिंदूत चालतं. आतला मोमेंट काढायला चालत नाही. म्हणजे ‘समतुल्य’ हा शब्द नेहमी एखाद्या प्रश्नापुरता खरा असतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांवर माझा राग इथे आहे. स्लॅबमधून बीमवर येणारा त्रिकोणी भार घ्या. त्याचा टोकदार कमाल भार जेवढा, त्याच्या दोन तृतीयांश यूडीएल ‘समतुल्य’ म्हणून वापरा, असं शिकवतात. मोमेंटसाठी ते अगदी बरोबर. पण त्याच यूडीएलवरून शिअर काढला तर तो खऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त येतो. कशासाठी समतुल्य, हे वाक्य कोष्टकातून गळतं, आणि आपण ते गळलेलंच पाठ करतो.

गॅलिलिओच्या खात्यात अजून एक उणीव मांडावी लागते. तुळई मोडताना पूर्ण छेद सारखाच ताणात आहे आणि ती खालच्या काठाभोवती फिरते, असं त्याने मानलं. त्यामुळे आयताकृती छेदाची ताकद आजच्या इलॅस्टिक हिशोबाच्या तिप्पट येते. छेदाचा एक भाग ताणात तर दुसरा दाबात असतो, हे चित्र स्पष्ट व्हायला मारियॉत, पारां, कुलोंब आणि शेवटी १८२६ मध्ये नाव्हिए यांच्यापर्यंतचा काळ जावा लागला. पण बघा, तिप्पट असूनही त्याची प्रमाणं चुकली नाहीत: रुंदीच्या पटीत, खोलीच्या वर्गाच्या पटीत. म्हणून त्याचे लहान-मोठ्याच्या तुलनेचे निष्कर्ष टिकले. कोणती चूक निष्कर्षाला बाधते आणि कोणती नाही, हे ओळखणं पेपर वाचताना फार उपयोगी पडतं.

हे सगळं आज कशाला?

कारण कारागिराचा ओंडका आजही आपल्या आसपास आहे. त्याला आपण टेकू म्हणतो. जुन्या इमारतीत बीम खचल्यासारखा वाटला की मधोमध लोखंडी टेकू ठोकून घट्ट केला जातो. आता साध्या आधारांवरचा आरसीसी बीम आठवा. मुख्य सळ्या खाली, कारण ताण खाली येणार असं धरलेलं. वर बहुधा स्टिरप अडकवण्यापुरत्या दोन बारीक सळ्या. टेकू घट्ट ठोकला, किंवा नंतर वर भार वाढला, की टेकूच्या वर हॉगिंग तयार होतं आणि ताण अशा बाजूला जातो जिथे स्टील जवळजवळ नाही. संगमरवराच्या खांबाला निदान वर-खाली समान ताकदीची शक्यता होती. काँक्रीटच्या या बीमला तीही नाही.

याचा अर्थ टेकू लावू नये असा नाही. बीम धोक्यात असेल तर टेकू लागतोच. पण तो किती दाबून लावायचा, खाली कशावर टेकवायचा, ते खालचं खचलं तर काय होईल आणि बीमच्या वरच्या बाजूला स्टील किती आहे, हे चार प्रश्न आधी विचारायचे. डिझाइनच्या ड्रॉइंगमध्ये भार बरोबर लिहिलेला असूनही यातला एकही प्रश्न सुटत नाही, कारण हे प्रश्न भाराचे नाहीतच, आधाराचे आहेत.

म्हणून मुलाखतीत यूडीएल विचारला तर सूत्र सांगायच्या आधी आधारांबद्दल विचारा: ते कुठे आहेत, किती आहेत आणि हलू शकतात का? समोरचे सर किंवा मॅडम त्यावर नाराज होणार नाहीत.

शेवटी एक गृहपाठ. वर मी ०.७ आणि १.८ मिलिमीटर हे आकडे ओंडके अगदी टोकांखाली धरून काढले आहेत. ओंडके एक दशांश आत घेऊन दोन्ही आकडे पुन्हा काढा. ते वाढतात की कमी होतात, याचा अंदाज आधी कागदावर लिहा आणि मगच गणित सुरू करा. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही, तर त्याचं कारण शोधण्यात एक संध्याकाळ घालवा. ती वाया जाणार नाही.